सात पिल्लं, सहा पेपर

आमचा पहिला लॅब्रॅडोर 2019च्या मे महिन्यात घाटावरून येणाऱ्या रात्रीच्या बसने आला. पहाटे गोव्यातल्या फोंड्याच्या स्टँडवर क्लीनरने डिकीतून पुठ्ठ्याचं खोकं काढून माझ्या हातात दिलं. खोक्याला भोकं पाडली होती आणि आत स्वतःच्याच ओकारीत बसलेलं काळं पिल्लू होतं. विकणाऱ्याशी सगळा व्यवहार फोनवर झाला होता. ‘पेपरवालं आहे साहेब, चॅम्पियन लाइन.’ 28,000 रुपये आधीच पाठवले होते, तेही त्याच्या नव्हे, कुणा तिसऱ्याच्याच खात्यावर. पेपरचा, म्हणजे वंशावळीच्या सर्टिफिकेटचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आला होता, मूळ प्रत ‘महिन्याभरात कुरिअरने’ येणार होती. आईबापांचे फोटोही होते. दोघं पिवळी, गळ्यात पट्टे, मागे बोगनवेल.

बायकोने त्याचं नाव काळू ठेवलं. आठवड्याने लसीसाठी डॉक्टरबाईंकडे नेलं, तेव्हा मी मोठ्या कौतुकाने ते फोटो दाखवले. त्यांनी एकदा फोनकडे पाहिलं, एकदा टेबलावरच्या काळूकडे.

“आई पिवळी?”

“हो.”

“बापही पिवळा?”

“हो.”

“मग हा काळा कुठून आणला?”

मी हसलो. बाई हसल्या नाहीत. हात धुता धुता त्यांनी समजावलं. लॅब्रॅडोरचा रंग मुख्यतः दोन जनुकं मिळून ठरवतात. एक ठरवतं काळा की चॉकलेटी, दुसरं ठरवतं तो गडद रंग केसांत उतरणार की नाही. पिवळ्या कुत्र्याकडे त्या दुसऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती रंग अडवणाऱ्या असतात. त्याच्याकडे पोरांना द्यायला दुसरं काही नसतंच. म्हणून पिवळ्याला पिवळी जोडली की सगळी पिल्लं पिवळी. एक काळी आणि एक पिवळी असतील तर काळी आणि पिवळी दोन्ही होऊ शकतात. पण दोन पिवळ्यांना काळं होत नाही.

मग त्यांनी स्कॅनर काढला. सर्टिफिकेटच्या फोटोत कोपऱ्यात 15 आकडी नंबराचं स्टिकर स्पष्ट दिसत होतं. मायक्रोचिप दोन खांद्यांच्या मध्ये कातडीखाली टोचतात. तांदळाच्या दाण्याएवढी असते, तिला बॅटरी नसते, स्कॅनर जवळ नेला की त्याच्याच लहरींवर ती नंबर सांगते. कधी कधी ती सरकते. म्हणून बाईंनी मानेपासून दोन्ही पुढच्या पायांच्या कोपरांपर्यंत सावकाश फिरवून पाहिलं. नंतर बरगड्यांवरून. स्कॅनर गप्प. स्टिकर होतं, चिप नव्हती.

इथे माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं, कारण त्या दिवशी मला राग आला तो आधी त्या बाजूनेच. मी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. आमच्याकडे बाटलीला लावायची लेबलं मोजून मिळतात आणि मोजून परत घेतात. इतकी आली, इतकी लागली, इतकी फाटली, इतकी नष्ट केली. बेरीज जुळली नाही तर बॅच पुढे सरकत नाही. दोन लेबलं कमी पडली म्हणून रात्री अकरापर्यंत मशीनखाली विजेरी घेऊन शोधणारी माणसं आम्ही. आणि मी 28,000 रुपये देऊन लेबल विकत घेतलं होतं, ज्याच्याखाली बाटलीच नव्हती.

तक्रारीचं फार लांबवत नाही. ग्राहक आयोगाकडे जावं असं ठरवलं होतं. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नसते आणि नव्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, हे मला पुढे कळलं. तेव्हा माझ्याकडे ना बिल होतं, ना विकणाऱ्याचा पत्ता. त्याचा नंबर जूनमध्ये बंद झाला. काळू राहिला. त्याने काही फसवलं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला, 2021मध्ये, मी पिल्लू आणायला स्वतः गेलो. आईच्या अंगाखाली पिल्लं लुचताना पाहिली. आईच्या खांद्यावर स्कॅनर फिरवला (तोवर मी स्वतःचा घेतला होता, घरात त्यावरून दोन दिवस अबोला होता) आणि नंबर तिच्या सर्टिफिकेटशी ताडून पाहिला. पिल्लाचा नंबर पाहिला. पैसे ब्रीडरच्याच खात्यात भरले, पावती घेतली, मालकी माझ्या नावावर करायच्या अर्जावर तिथेच सह्या केल्या. ब्रीडर बाई वैतागल्या असतील, पण तसं दिसू दिलं नाही. चवथीच्या आधल्या आठवड्यात पिल्लू घरी आलं. जातिवंत कुत्र्यांची वंशावळ नोंदवणाऱ्या केनेल क्लब ऑफ इंडियाच्या कागदावर तिचं नाव इंग्रजीत चार शब्दांचं आहे, एखाद्या विमान कंपनीला शोभेल असं. घरी ती शेवंती.

शेवंतीची पिल्लं व्हावीत असं मला नव्हतं, बायकोला होतं. मी म्हटलं, करायचं तर रीतसर. 2017च्या केंद्राच्या नियमांनुसार पिल्लं विकणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे ब्रीडर म्हणून नोंदणी करायची असते. मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय तिला जोडायचं नाही, लागोपाठच्या दोन माजांना नाही, आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेळा नाही. आठ आठवड्यांआधी पिल्लू द्यायचं नाही, आणि द्यायचं ते चिप टोचूनच. कोणतं पिल्लू कुणाला दिलं याची नोंद ठेवायची. त्यासाठी पणजीत पाटोवर माझ्या दोन फेऱ्या झाल्या. नियमांची प्रत मी कारखान्यातल्या एसओपीसारखी, म्हणजे काम कसं करायचं ते लिहिलेल्या कागदासारखी, फाइलला लावली. आमच्या ओळखीत जी माणसं पिल्लं विकतात त्यांच्यापैकी दोघांनाच हे नियम माहीत निघाले, आणि त्यातल्या एकाने ते मला न पाळण्याच्या युक्त्यांसकट सांगितले.

नर मडगावचा निवडला. काळा, चिप असलेला, कमरेच्या सांध्यांचे एक्स-रे काढलेला. मालक सेवानिवृत्त गृहस्थ, बोलायला कमी. त्यांनी पहिल्याच भेटीत अट घातली: सगळ्या पिल्लांची डीएनए चाचणी करायची, खर्च अर्धा अर्धा. मी कारण विचारलं. म्हणाले, “दोन वर्षांमागे मला कळलं की माझ्या कुत्र्याला परराज्यात नऊ पिल्लं झाली. कुत्रा त्या महिन्यात इथे, या सोप्याखाली झोपलेला. माझी सही कुणीतरी केली होती.”

नोंदणी कशी चालते हे तेव्हा मला खरं कळलं. क्लबचं कार्यालय चेन्नईत. तिथल्या माणसाला आमच्या माशेलची कुत्री दिसत नाही, दिसतो तो अर्ज. अमुक मादी, अमुक नर, अमुक तारीख, पिल्लं इतकी. ब्रीडरने नऊ लिहिली तर नऊ. पाच झाली असतील आणि बाजारातून चार आणून मिसळली असतील, किंवा गेल्या वर्षी मेलेल्या कुत्र्याचा कागद भलत्याच कुत्र्याच्या गळ्यात बांधला असेल, तर ते कागद पाहून कळत नाही. 1874पासून, म्हणजे इंग्लंडमध्ये पहिलं स्टड बुक (जातिवंत कुत्र्यांची नोंदवही) निघालं तेव्हापासून, ही सगळी वंशावळ शेवटी ब्रीडरच्या शब्दावर उभी आहे. बाकी सगळी साधनं तो शब्द तपासायची.

मेटिंगच्या दिवशी आम्ही दोघांच्या चिप स्कॅन केल्या, नंबर आणि तारीख कागदावर लिहिली, दोघांनी सह्या केल्या. एक दिवस सोडून पुन्हा तेच. सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं. आणि दुसऱ्या खेपेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोदेराचा, म्हणजे दारोदार पाव-पोळ्या विकणाऱ्याचा, हॉर्न वाजला.

बायको पोळ्या घ्यायला गेली, फाटक तिने पायाने लोटलं आणि ते लागलं नाही. शेवंती बाहेर. आठवडाभर फाटकाबाहेर गावची कुत्री धरणं देऊन बसलीच होती. अर्ध्या तासाने ती स्वतःच परत आली, अंगाला चिखल, चेहरा निरागस. बायको म्हणाली, “काही झालं नसेल.” मीही म्हटलं, “काही झालं नसेल.” माजावरची मादी काही दिवस फळू शकते, आणि एकाच वेळच्या पिल्लांना दोन वेगवेगळे बाप असू शकतात, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. मडगावला फोन करायला मला दोन दिवस लागले. गृहस्थ क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “डीएनए आहेच की.”

कुत्रीचे दिवस साधारण 63. पंचावन्नावा दिवस उलटला की पिल्लांची हाडं एक्स-रेत नीट मोजता येतात. सत्तावन्नाव्या दिवशी डॉक्टरबाईंनी फिल्म उजेडावर धरली आणि पेनाच्या टोकाने कवट्या मोजल्या. एक, दोन, तीन. मग कणे मोजले, उलट्या बाजूने. दोन्ही वेळा सात. फिल्मवर तारीख आणि शेवंतीचा चिप नंबर घातला. ती फिल्म मी अजून जपून ठेवली आहे. एका कुत्रीच्या पोटात त्या तारखेला किती पिल्लं होती, याचा इतका साधा पुरावा दुसरा नाही. ती मागणारा खरेदीदार मात्र मला अजून भेटलेला नाही.

सातच झाली. चार काळी, तीन पिवळी, सगळी जिवंत. तिसऱ्या दिवशी डिचोलीहून दादा आला, माझा मावसभाऊ. त्याच्याकडे एक पिवळी मादी आहे. दिसायला लॅब्रॅडोर, कागद नाही. तिला त्याच आठवड्यात पाच झाली होती. दादाने शेवंतीकडे पाहिलं, पिल्लं उचलून वजन अजमावलं, चहा घेतला, मग मुद्द्यावर आला.

“तुझी सात. माझ्यातली दोन पिवळी बरी आहेत. तुझ्या अर्जात नऊ घाल. पेपरवाल्याला दुप्पट भाव येतो. त्यातला अर्धा तुझा.”

मी म्हटलं, “दादा, तुझ्या कुत्रीची पिल्लं शेवंतीची कशी होतील?”

“कागदार कोण पळयता रे?” कागदावर कोण बघतंय, असं त्याचं म्हणणं.

मला वाटलं होतं तितकं नाही म्हणणं सोपं नव्हतं. दादाने माझ्या बहिणीच्या लग्नात स्वतःची गाडी आठ दिवस दिली होती. तो बदमाश नाही. त्याला मनापासून वाटतं की पिवळं पिल्लू ते पिवळं पिल्लू, कागद हे श्रीमंतांचं खूळ. आणि या खेपेला रंगही मदतीला येणार नव्हता. शेवंती पिवळी, नर काळा, त्यांना पिवळी पिल्लं झालीच होती. त्यात आणखी दोन मिसळली असती तर रंगावरून ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. काळूच्या वेळी विकणारा आळशी होता म्हणून सापडला. हुशार माणूस रंग जुळवूनच आणतो.

मी एक्स-रे आणि डीएनएचं सांगितलं. दादा म्हणाला, “तुला कुणी सांगितलं होतं ते करायला?” आणि चहाचा कप बशीत उपडा घालून निघाला. वहिनीने नंतर महिनाभर फोन केला नाही.

सहाव्या आठवड्यात डॉक्टरबाई घरी आल्या. हाच भाग मी सगळ्यात बारकाईने पाहिला. चिपचं एकेक पाकीट फोडायच्या आधी त्यांनी बाहेरूनच स्कॅन केलं, नंबर पाकिटावरच्या स्टिकरशी जुळवला. मग पिल्लू मांडीवर, मानेमागची कातडी चिमटीत, सुई. ती सुई चांगली जाड असते. पहिली काळी किंचाळली आणि शेवंतीने शेजारच्या खोलीतून दारावर पंजे मारले. टोचून झाल्यावर पुन्हा स्कॅन. नंबर मी मोठ्याने वाचायचा, बायकोने वहीत लिहायचा, बाईंनी वहीतून परत वाचायचा. प्रत्येक पाकिटात सहा स्टिकरं. एक वहीत, एक लसीच्या कार्डावर.

डीएनएचे नमुने त्यानंतरच. आधी चिप, मग नमुना, म्हणजे पाकिटावर ‘काळं, गळ्यात लाल दोरा’ असलं काही न लिहिता 15 आकडे लिहिता येतात. दोरे सुटतात. पिल्लांना तासभर आधी आईपासून दूर ठेवलं होतं, नाहीतर तोंडात आईच्या दुधाबरोबर तिच्या पेशी राहतात आणि नमुना बिघडतो. कापसाची काडी गालाच्या आतून घासायची, वाळवायची, कागदी पाकिटात बंद करायची. शेवंतीचा नमुना वेगळा घेतला. नराचा मडगावला त्यांच्या डॉक्टरांनी घेतला आणि सही करून परस्पर पाठवला.

मला तोवर वाटायचं की चिप म्हणजे हमी. ती हमी आहे, पण एकाच गोष्टीची: हा कुत्रा तोच. त्याचा बाप कोण हे चिपला माहीत नसतं. एक्स-रे सांगतो किती, कुणाची ते नाही. रंग कधी कधी ‘हे शक्य नाही’ म्हणतो, ‘हेच खरं’ असं कधी म्हणत नाही. बाप सांगतं ते डीएनए. ठरावीक जागांवर प्रत्येक पिल्लाला एक प्रत आईकडून, एक बापाकडून. पिल्लाकडे अशी प्रत सापडली जी आईकडे नाही आणि बापाकडेही नाही, तर कुठेतरी तिसरा आहे. एखाद्या जागी चूक होऊ शकते, म्हणून एकावर निकाल देत नाहीत. कारखान्यातही आम्ही गोळीची ओळख वेगळी तपासतो, मात्रा वेगळी. एका चाचणीवर दोन्ही कुणी मागत नाही. कुत्र्यांच्या बाजारात मात्र ‘चिप आहे’ म्हटलं की लोक खिशात हात घालतात. नाहीतर ‘इम्पोर्ट लाइन’ म्हटलं की. पैदाशीसाठी परदेशी कुत्री आणायला सरकारने एप्रिल 2016मध्ये बंदी घातली, त्याबद्दल विचारायचं त्यांना सुचत नाही.

निकाल संध्याकाळी मेलवर आला, मी कंपनीच्या बसमध्ये होतो. आईच्या रकान्यात सातही जुळत होते. बापाच्या रकान्यात सहा. सातव्या पिल्लासमोर पाच जागा जुळत नव्हत्या. ते चार काळ्यांपैकी एक होतं, सगळ्यात गुटगुटीत, ज्याला म्हापशाच्या एका कुटुंबाने डोळे उघडायच्या आधीच निवडून आगाऊ पैसे दिले होते. शेजारच्या सीटवरच्या सहकाऱ्याला मी फोन दाखवला. तो म्हणाला, “एक रिजेक्ट. बॅच पास.”

घरी आल्यावर ते पिल्लू मी उचलून नीट पाहिलं. कान, शेपूट, डोकं, काही म्हणजे काही वेगळं नव्हतं. तिठ्यावरच्या बारसमोर एक काळा कुत्रा झोपलेला असतो, त्याच्याकडे मी दुसऱ्या दिवशी जरा जास्तच निरखून पाहिलं. त्याने एक डोळा उघडला आणि परत मिटला.

मडगावच्या गृहस्थांना तोच मेल आला होता. म्हणाले, “सहांवर सही करतो.” अर्ज सहांचाच केला, आणि सात जन्मली, एक या नराचं नाही, असं पत्र लिहून निकालाची प्रत जोडली. म्हापशाच्या कुटुंबाला फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी पोदेराचा भाग दोनदा सांगायला लावला, हसले, आणि आगाऊ रक्कम परत मागितली. मला वाटलं होतं म्हणतील, कागद नको, पिल्लू द्या. नाही म्हणाले. त्यांचं बरोबर होतं, त्यांनी पैसे कागदाच्या भावाने दिले होते.

बाकीची सहा आठ आठवडे पुरे झाल्यावर गेली. त्याआधी ‘चाळिसाव्या दिवशी द्या, लवकर रुळतं’ म्हणणारे निदान दहा जण भेटले. प्रत्येकाला देताना चिप त्यांच्यासमोर स्कॅन केली. सावंतवाडीच्या एका मुलीनेच काय ते स्वतःच्या डोळ्यांनी आकडे वाचून कागदाशी ताडले, बाकीचे पिल्लाचे फोटो काढण्यात दंग होते.

सातवा आमच्याकडेच राहिला. त्याचं नाव पोदेर. सकाळी हॉर्न वाजला की खरा पोदेर फाटकाबाहेर आणि हा फाटकाच्या आत, दोघंही ओरडतात.

दिवाळीत दादा आला, वहिनीसकट. फराळ झाला. जाता जाता पोदेरच्या कानामागे खाजवत तो म्हणाला, “ह्याला चिप आहे, पण पेपर नाही, नाही का? मग ह्याची उरलेली स्टिकरं तुला कशाला? मला दे की.” अर्धं चेष्टेत, अर्धं नाही.

तो गेल्यावर मी वही काढली. पोदेरची चार स्टिकरं शेवटच्या पानावर ओळीने चिकटवली, कोपरे उचकटू नयेत म्हणून प्रत्येकावर आडवी सही केली, आणि खाली लिहिलं: आली 6, वापरली 2, रद्द 4.